जुन्या इंजिनात नवं तेल

चनमल्लप्पांचा उजवा तळवा तापलेल्या सायलेन्सरवर टेकलेला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. तिप्पण्णा माळी लांबून "सायेब, हात! हात!" म्हणून बोंबलत आला, तेव्हा त्यांना वाटलं, गवतात साप निघाला, म्हणून त्यांनी आधी आपले पाय बघितले. पाय जागच्या जागी होते. मग कुठूनसा वास आला, तव्यावरच्या शेंगा बोलण्याच्या नादात करपतात तसा, आणि रविवारी सकाळी क्लबात शेंगा कोण भाजतंय, असाही एक विचार त्यांच्या डोक्यात सावकाश येऊन गेला. तोवर तिप्पण्णानं मनगट धरून त्यांचा हात वर उचलला. तळव्यावर पांढरट पट्टा उठला होता, कडांना लाल. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा त्यांनी तो उन्हात धरून बघितला. "लई भाजलंय की वो," तिप्पण्णा म्हणाला, "कळलं न्हाय तुमाला?" "कळलं की," ते म्हणाले. हे साफ खोटं होतं, आणि खोटं बोलल्याचंही त्यांना काही वाटलं नाही. "जा, घमेलं घेऊन ये," एवढंच त्यांनी पुढं सांगितलं. तिप्पण्णा जागचा हलेना. तो त्यांच्या तोंडाकडे असा बघत राहिला की जणू भाजलंय ते तिथं.

आता मिलमध्ये कुणालाही विचारा, चनमल्लप्पा इंजिनियर म्हणजे धीराचा माणूस. बायको, महादेवी, गेली तेव्हापासून हे बिरुद त्यांना चिकटलं ते चिकटलंच. खात्यात बॉयलर बिघडो, संप होवो, कुणी मरो, चनमल्लप्पांचा आवाज एक पट्टी वर नाही की खाली नाही. लोक आपल्या पोरांना सांगायचे, बघ, माणसानं असं असावं. आणि लोकांचं काय जातंय? दगडालाही लोक धीराचाच म्हणतील. पण दोन वर्षं रोज तेच ऐकून चनमल्लप्पांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. आपल्याला काही होत नाही याचा अर्थ आपण खंबीर आहोत, असा हिशेब त्यांनी मनाशी घालून ठेवला होता, आणि इंजिनियर माणूस एकदा घातलेला हिशेब पुन्हा तपासत नाही. आज सकाळी तळव्यावरचा तो पट्टा बघताना मात्र कुठंतरी जरासं हललं. धीर मनाला असतो, इथवर ठीक. कातडीला कुठला आलाय धीर?

मिलच्या क्लबापुढं ही हिरवळ होती, आणि हिरवळ म्हटलं की सोलापुरात लोक हसतातच. या गावात लिंबाखाली सावली मिळाली तरी पुष्कळ. पण मिल साहेबाची होती तेव्हा साहेबाला गवत लागायचं. साहेब गेला, गवत राहिलं, आणि गवत कापायचं त्याचं पेट्रोलचं मशीन राहिलं. तिप्पण्णा त्याला फटफटी म्हणायचा, मग सगळेच फटफटी म्हणायला लागले. तिचे सुटे भाग आता कुठंच मिळत नव्हते. क्लबाच्या कमिटीतली तरुण मंडळी ती भंगारात काढा म्हणून मागं लागलेली, आणि चनमल्लप्पा तिला जगवून होते. वर्षातून दोनदा तेल बदलायचं, तेही स्वतःच्या हातानं. आधी इंजिन थोडं चालवून तापवायचं, म्हणजे आतलं तेल पातळ होतं. मग खालचा बोल्ट काढून काळं झालेलं तेल घमेल्यात सोडायचं, आणि बोल्ट लावून नवं तीस नंबरचं तेल भरायचं. नेहमीचं तेच तेल, नेहमीच्याच दुकानातून. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच तर त्यांना ते बरं वाटायचं. पण आज तेलाचे डबे दोन येणार होते.

दाक्षायणी आली ती एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पिवळ्या मलमाची ट्यूब घेऊन. तिप्पण्णा घमेलं आणायच्या निमित्तानं आधी त्यांच्या क्वार्टरवर जाऊन चहाडी करून आला होता, हे उघड होतं. तिनं बापाचा हात ओढून घेतला, मलम लावलं, पदराच्या टोकानं कडेला लागलेलं वंगण पुसलं. सत्तावीस वर्षांची मुलगी, रसायनशास्त्र शिकलेली, गावातल्या दयानंद कॉलेजात नाही की संगमेश्वर कॉलेजात नाही, थेट पुण्याच्या प्रयोगशाळेत वंगणतेलांवर काम करून आलेली; आणि आई गेल्यापासून इथं घरी, बापासाठी ज्वारीच्या भाकऱ्या थापत बसलेली. मुंबईच्या एका तेलकंपनीच्या प्रयोगशाळेनं तिला बोलावलं होतं. येते की नाही, ते उद्या सकाळी तारेनं कळवायचं होतं. आठवडाभर ती बापाला विचारत होती, "अप्पा, जाऊ का?" आणि आठवडाभर बाप एकच उत्तर देत होता, "तुझी मर्जी." काल रात्री जेवताना ती एकदम ताटावरून उठली होती. "जा म्हणा, नाहीतर जाऊ नको म्हणा," ती म्हणाली होती, "पण तुमचं म्हणून काहीतरी म्हणा की! तुम्हाला असं टाकून कशी जाऊ मी? आणि नाही गेले तर इथं राहून कुणाशी बोलू?" चनमल्लप्पांनी चटणीत तेल घालून घेतलं होतं आणि ते शांतपणे जेवले होते. चटणी तिखट होती की आळणी, हे त्यांना आत्ता विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"हे ते नवं तेल," ती म्हणाली आणि डबा दगडावर ठेवला. तिच्या सरांनी जर्मनीहून आणलेल्या नमुन्यातला होता तो. "जमिनीतून उपसलेलं नाही हे, अप्पा. रेणूला रेणू जुळवून माणसानं केलेलं आहे. आपल्या इथल्या उन्हात पातळ होत नाही, करपत नाही, आत गाळ धरत नाही. उलट साठलेला गाळ धुऊन काढतं." ती हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा लहानपणी सिद्धेश्वराच्या तळ्यात मासा दिसल्यावर व्हायचा तसा झाला होता. चनमल्लप्पांना हे दिसलं. पण काचेमागचं दिसावं तसं दिसलं. "तिथंच तर मेख आहे," ते म्हणाले, आणि या विषयावर मात्र त्यांचा आवाज नीट चालायला लागला. "हे इंजिन म्हातारं आहे. याची सीलं कधीच मेलीत. गाळ बसलाय सांध्यासांध्यात, म्हणून तर ते तेल धरून आहे. तुझं नवं तेल तो गाळ धुऊन काढणार, आणि मग हे जागोजागी गळणार. तीस नंबर मेलेल्याला उठवत नाही, पण आहे ते आहे तसं चालू देतं." दाक्षायणीनं बापाकडे बघितलं.  "असं असतं होय," ती म्हणाली, आणि क्लबाच्या पायरीवर जाऊन बसली. "घाला तुम्हाला हवं ते. पण हे तरी तुम्ही ठरवा. तुझी मर्जी म्हणायचं नाही."

ते पायरीपुढच्या फरशीवर मशीनपाशी मांडी घालून बसले. पान्यानं बोल्ट सैल केला आणि काळं तेल घमेल्यात पडायला लागलं. आधी धार, मग दोरा, मग थेंब. तेल सगळं निथळेपर्यंत थांबावं लागतं, त्यात घाई चालत नाही. शेजारी दोन डबे, एक ओळखीचा, चेपलेला, एक परका, चकचकीत. चनमल्लप्पा त्यांच्याकडे बघत बसले आणि तेल म्हटल्यावर जिचा हात आठवावा तिचाच आठवला. महादेवीचा हात तेलाचा होता. म्हणजे कायमच. करडईचं तेल कोमट करून वाटीत घ्यायची आणि रविवारी सकाळी मागून येऊन थपकन टाळूवर ओतायची. त्यांना डोक्याला तेल लावून घ्यायचा भारी कंटाळा. कॉलर तेलकट होते, उशी तेलकट होते, मिलमधले लोक हसतात. ती कुठली ऐकायला? अक्कलकोटची पोर ती, तिच्या तोंडात कानडी आणि मराठी एकाच गाडीला जुंपलेली. "सुम्न कूड्री," ती दटावायची, गप बसा म्हणून, आणि दोन्ही खांदे दाबून त्यांना पाटावर बसवायची. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, गावातल्या सगळ्या लिंगांना तेल लागायचा दिवस. ती मिरवणुकीमागून उन्हातान्हात चालून यायची आणि वाटीच्या तळाशी उरलेलं तेल तसंच त्यांच्या डोक्याला फासायची. "देवाला चालतंय, तुमाला चालत न्हाई? देवापेक्षा मोठे की काय तुमी?" त्यांना उत्तर द्यायचं असायचं, पण तोवर तिची बोटं टाळूवर फिरायला लागलेली असायची, आणि डोळे आपोआप मिटायचे. चनमल्लप्पांनी आता भाजलेला हात वर करून आपल्या डोक्याला लावून बघितला. केस काथ्यासारखे होते.

याच हिरवळीवरून ती एकदा त्यांच्याशी भांडली होती, ते दुष्काळाचं साल. लोक तालुक्यातालुक्यात खडी फोडत होते, मैंदर्गीला त्यांच्या भावकीच्या विहिरीला तळ दिसला होता, आणि मिलमधून सोडलेलं पाणी चनमल्लप्पांनी पाट काढून क्लबाच्या गवताला दिलं होतं. वाया जाणारंच पाणी होतं, तेलकट, पिण्याजोगं नाही. हिशेबात काही चूक नव्हती. महादेवी इथं येऊन उभी राहिली होती, डोक्यावरून पदर घेऊन, या पायरीपाशीच. "गुरांनी तरी खाल्लं असतं की वो हे गवत," ती म्हणाली. "मशीननं कापून टाकून देताय. तुमच्या पोटात कालवत न्हाई?" त्यांनी तिला समजावून सांगितलं की गवताला वंगणाचा अंश लागलेला आहे, गुरांना बाधेल. ते म्हणणं बरोबरच होतं. ती ऐकून घेऊन गेली. संध्याकाळी बघतात तर तिनं तिप्पण्णाकडून कापलेल्या गवताचे भारे घरी नेले होते, हौदावर धुऊन, पुन्हा धुऊन, उन्हात पसरले होते, आणि मागच्या गल्लीतली एक म्हातारी म्हैस ते खात उभी होती. महादेवी कमरेवर हात ठेवून म्हशीकडे बघत होती. म्हशीला काही झालं नाही. पुढं ते कधीही गवत कापायला लागले की ती म्हैस फाटकाशी येऊन उभी राहायची, आणि चनमल्लप्पांना, माणसाचा हिशेब बाईमाणूस आणि म्हैस मिळून कसा चुकवतात, याची गंमत वाटायची. तेव्हा गंमत वाटायची. एवढं त्यांना आत्ता आठवलं, गंमत काही आठवली नाही.

आणि मग ती गेली. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. निरोप आला तेव्हा चनमल्लप्पा एका बेअरिंगचं झाकण बसवत होते, आणि शेवटचा बोल्ट राहिला होता. त्यांनी तो आवळला. अर्धवट बोल्ट ठेवून कुणी उठत नाही, हात आपोआप चालतो. तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं होतं, काय धीर आहे बघा. मैंदर्गीच्या रानात त्यांच्या जातीच्या रीतीप्रमाणं तिला बसवून मूठमाती दिली. विभूती, बेलपानं, कपाळाला सगळं नीट. गळ्यात लिंग होतं ते तिच्या तळहातावर दिलं. ती बसलेली बघून त्यांना वाटलं, आता ही म्हणणार, कूड्री. खड्डा खोल होता, खाली मुरूम लागला नव्हता, माती काळी आणि सलग होती, कडा ढासळत नव्हत्या. खड्डा चांगला खणलाय, असं त्यांना वाटलं. एवढंच वाटलं. दाक्षायणी मामाच्या खांद्यावर पडून रडत होती आणि ते गवंड्यानं काम बघावं तसे खड्ड्याच्या कडा बघत होते. पुढच्या पावसाळ्यात तिथं गवत आलं, गुडघ्याएवढं. ते कुणी कापलं नाही.

त्यांच्या घरात आणखी एक रीत होती. माणूस गेलं की घरातल्या कुणी डोक्याला तेल लावायचं नाही. आणि मग एक दिवस बाईच्या माहेरचा माणूस येऊन नवऱ्याच्या डोक्यावर पहिलं तेल घालतो. ते घातलं की नवऱ्यानं मोकळेपणी रडून घ्यायचं असतं, आणि मग सगळ्यांनी गोड जेवायचं असतं. अक्कलकोटहून मेहुणे आले, मडिवाळप्पा, पितळेच्या वाटीत करडईचं तेल घेऊन, वाटीवर फडकं बांधून, एस्टीत मांडीवर जपत. आणि त्या दिवशी सकाळीच चनमल्लप्पा मिलमध्ये गेले. काम होतं. काम नसतं तरी गेले असते. मडिवाळप्पा दिवसभर मांडलेल्या रिकाम्या पाटासमोर बसून राहिले. संध्याकाळी चनमल्लप्पा परत आले तेव्हा वाटीतलं तेल तसंच होतं, त्यावर एक माशी तरंगत होती. "दाजी, बसा की घडीभर," मडिवाळप्पा काकुळतीनं म्हणाले. "पुन्हा केव्हातरी," चनमल्लप्पा म्हणाले. मडिवाळप्पांनी काही वाद घातला नाही. चांगला माणूस. त्यांनी तेल कोनाड्यात ठेवलं आणि शेवटच्या गाडीनं ते परत गेले. पुन्हा केव्हातरी ते आले नाहीत, त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि घरातली ती रीत तशीच अर्धी राहिली. दाक्षायणीही तेव्हापासून केसांना तेल लावत नव्हती. बापाच्या आधी कसं लावणार? शिकलेली मुलगी, रेणू मोजणारी, पण आईची. चनमल्लप्पांच्या हे आज ध्यानात आलं, आता, इथं, पायरीवर बसलेल्या तिच्या भुरभुरत्या केसांकडे बघताना. दोन वर्षं ती त्यांच्यासमोर तशी वावरत होती.

घमेल्यात पडणारा थेंब थांबला. त्यांनी बोल्ट पुसला, लावला, आवळला, घमेलं बाजूला सरकवलं. कुठल्याशा विचारात ते उठले, दोन्ही डब्यांवरून नजर फिरवली, हिरवळीच्या टोकाला पाइप धरून उभ्या तिप्पण्णाला बाजूला हो म्हणून हातानं खूण केली, दोरी धरली आणि ओढली. फटफटी पहिल्या ओढीला चालू झाली. तिचा आवाज जरा वेगळा होता, कोरडा, घसा बसलेल्या माणसासारखा. वेगळा आहे, एवढं त्यांच्या कानानं टिपलं, आणि हात दांड्यावर ठेवून ते उभेच राहिले. "अप्पा!" दाक्षायणी ओरडली. ते ऐकत होते. "अप्पा, बंद करा! बंद करा!" ती धावत आली, पदर सुटलेला, तिनं वाकून प्लगवरची पत्र्याची पट्टी अंगठ्यानं दाबली आणि इंजिन हिसका देऊन थांबलं. सगळीकडे एकदम शांत झालं. तिप्पण्णाच्या पाइपातून पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"कुठलंच घातलं नाही तुम्ही," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "दोन डबे समोर ठेवून तासभर बसलात आणि कुठलंच घातलं नाही. कोरडंच चालवलंत."

चनमल्लप्पांनी खाली बघितलं. दोन्ही डब्यांची झाकणं बंद होती. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इंजिन कोरडं चालवलं नव्हतं. खात्यातल्या एखाद्या फिटरनं असं केलं असतं तर त्यांनी त्याला त्याच पावली घरी पाठवलं असतं. आपण हे केलं, हे त्यांना समजत होतं. समजून ते उभे होते. "राहिलं वाटतं," ते म्हणाले. हे ऐकल्यावर दाक्षायणीच्या तोंडावरचा राग एकदम गेला आणि तिथं भीती आली. ती त्यांच्या तोंडाकडे तशीच बघत होती जसा सकाळी तिप्पण्णा बघत होता. मग तिनं चकचकीत डबा उचलून त्यांच्या हातात दिला. "हे घाला."

"गळेल ते," चनमल्लप्पा म्हणाले. "सांगितलं ना मी तुला. सगळा गाळ निघेल आणि गळायला लागेल. मग थांबत नाही."

"मग गळू दे की, अप्पा!" ती म्हणाली आणि तिला हुंदका आला. "कोरडं चालवून जळून जाण्यापेक्षा गळलेलं काय वाईट आहे? गळू दे की हो!"

त्यांनी झाकण उघडलं. तेल मधासारख्या रंगाचं होतं आणि त्याला कसलाच वास नव्हता. ते डाव्या हातानं ओतताना थोडं घमेल्याशेजारी सांडलं. भरून झाल्यावर त्यांनी पुन्हा दोरी ओढली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. आवाज हळूहळू खाली उतरला, भरला, सारखा झाला. आत काही चिकटलं नव्हतं. दोघंही वाकून उभे होते, आजारी माणसाच्या अंथरुणाशी उभं राहावं तसे. बराच वेळ काही झालं नाही. मग बोल्टापाशी, सांध्यावर, काळपट ओल दिसायला लागली. ती जमत गेली, फुगली, आणि एक थेंब खालच्या शहाबादी फरशीवर पडला. काळा. मग दुसरा. चनमल्लप्पा उकिडवे बसले. बघायचं म्हणून, किती गळतंय ते बघायचं म्हणून त्यांनी आपला डावा तळवा खाली धरला.

तिसरा थेंब तळव्यावर पडला. "यव्वा!" ते ओरडले आणि हात झटकला. ओरडल्यावर त्यांनाच दचकायला झालं. आणि डाव्या हाताबरोबर, कुणी दार ढकलून आत यावं तसा, उजवा हात पेटला. सकाळपासूनची, मलमाखाली निमूट पडलेली आग एकदम तळव्यापासून कोपरापर्यंत चढली. त्यांनी दोन्ही हात पोटाशी धरले. "भाजतंय गं," ते म्हणाले. "दाक्षी, लई भाजतंय." दाक्षायणी त्यांच्यासमोर फरशीवरच बसली, त्यांचे दोन्ही हात आपल्या ओंजळीत धरून फुंकर घालायला लागली, पोराच्या हातावर घालतात तशी, आणि तिच्या खाली वाकलेल्या डोक्यावरचे कोरडे केस त्यांच्या हनुवटीला लागत होते. फटफटी शेजारी चालूच होती. लांबून तिप्पण्णा ओरडला, "सायेब, मशीन गळाय लागलंय की वो!" 

"जाऊ नको गं," चनमल्लप्पा म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "मुंबईला जाऊ नको. मी एकटा कसा राहू? तुझी आई पण गेली आणि आता तू... मला न्हाई राहवायचं." ते तोंड वाकडं करून, मोठ्यानं, आवाज काढून रडायला लागले. मिलमधल्या कुणी बघितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. नाकातलं पाणी ओठावर आलं आणि हात दुखत होते म्हणून त्यांना ते पुसता येईना. तिनंच पदरानं पुसलं.

ती त्यांच्या हातांवर फुंकर घालत राहिली. त्यांचं रडं जरा ओसरू दिलं. मग तिनं घमेल्याशेजारी सांडलेल्या नव्या तेलात बोटं बुडवली आणि बापाच्या टाळूवर टेकवली, थोडीशीच, आईसारखी थपकन नव्हे. ती रडत होती, पण तिच्या डोळ्यांत दोन वर्षांत नव्हतं असं काहीतरी सैल झालेलं दिसत होतं.

"तुमचं म्हणून काहीतरी म्हणालात की. आता मुंबईला जाते मी, अप्पा," ती म्हणाली. "उद्या सकाळी तार करते. आणि मडिवाळमामांना तेलाची वाटी घेऊन बोलावते, त्या दिवशी तुम्ही मिलमध्ये न जाता घरीच थांबा."

चनमल्लप्पांनी मान हलवली. ती जाणार होती, आणि ते त्यांना लागत होतं. हातांची नुसती आग आग होत होती.